तलावाच्या दगडावरची नऊ नावं

कार्व्हर्स बेंड, मिसिसिपी
३ एप्रिल २०२३

अ‍ॅल्टन,

पत्र आलं म्हणजे माफी मिळाली असं समजू नकोस. पत्ता तुझ्या मुलीकडून घेतला. ती बिचारी इतकी हरखली की मलाच कानकोंडं झालं. तिला वाटलं, म्हाताऱ्या आत्याला उपरती झाली. तिला मी काही बोलले नाही, पण तुला सांगते. मला एक प्रश्न विचारायचाय. त्याचं उत्तर दे, मग परत तुझं तू आणि माझं मी.

गावात पोहण्याचा तलाव पुन्हा होतोय. होय, तोच, त्याच जागेवर. आपले पाय त्या पाण्याला लागू नयेत म्हणून ज्यांनी तो माती आणि सिमेंट ओतून बुजवला, त्यांचीच नातवंडं आता तिथे खणतायत आणि फोटो काढून घेतायत. सतरा जूनला उद्घाटन आहे. दारातच एक ग्रॅनाइटचा दगड बसणार, आणि चौसष्ट साली जी पोरं तिथे गेली होती त्यांची नावं त्यावर कोरणार. त्यातली मी एकटीच गावात उरलेय, म्हणून मला पहिल्या रांगेत खुर्ची आहे. गादीवाली आहे म्हणे.

नगराध्यक्ष आपल्यातला आहे. शेरीफ आपल्यातली बाई आहे. बँकेत गेलं की गोरी पोरगी हसून 'या ना आजी' म्हणते. हे सगळं मला दिसतं, मी काही आंधळी नाही. पण तरी मला वाटतं की कुठेतरी पाणी मुरतंय. ज्यांना साठ वर्षं लाज वाटली नाही, त्यांना ती आत्ताच कशी काय वाटायला लागली?

तर प्रश्नाकडे येते. समितीवर केंड्रा म्हणून एक मुलगी आहे. कॉलेजात इतिहास शिकवते, आपल्याच चर्चमधली आहे. ती यादी घेऊन आली. यादीत नऊ नावं. मी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि तुझं खोडलं. म्हटलं, आठ जण होते. ती म्हणते, "आजी, जुन्या कागदांत नऊ आहेत." म्हटलं, कागदांना काय विचारतेस? तिथे मी होते.

मी होते आणि तू नव्हतास. रंगावरून कुणाला अडवायचं नाही असा कायदा होऊन नऊ दिवस झाले होते. 'फक्त गोऱ्यांसाठी' ही पाटी काढा म्हणून वॉशिंग्टनने सांगितलं होतं आणि आपण भाबडे, आपल्याला वाटलं पाटी निघाली. शनिवारी दोनला आम्ही आठ जण ओढ्याच्या वाटेने चालत जायचं, आणि तू मामाची गाडी घेऊन कुंपणामागे इंजिन चालू ठेवून थांबायचं, असं ठरलं होतं. आम्ही पोचलो तर पोलीस आधीच दंडुके घेऊन रांगेत उभे. कुणीतरी सांगितल्याशिवाय हे झालं नाही. आणि त्यांनी काय विचारलं, आठवतं? तुला कसं आठवेल म्हणा. त्यांनी विचारलं, "हर्शेल बॉइड कोण?" सगळ्यांत आधी त्याचंच नाव घेतलं. हर्शेल तुझ्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या, मागे लागलाय म्हणून तुला त्याचं तोंड बघवत नव्हतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. आणि तू कामाला कुठे होतास? प्रुइटच्या बियाण्यांच्या दुकानात, गोऱ्याच्या हाताखाली.

हर्शेलचा डावा डोळा गेला. कुंपणामागे गाडी नव्हती. आठवड्यात तू कुणालाही न सांगता डेट्रॉइटची बस धरलीस. आई सात वर्षं रस्त्याकडे बघत बसली आणि तशीच गेली. हर्शेल जाऊनही आता चार वर्षं झाली.

केंड्रा हट्टी आहे. म्हणते, माणूस जिवंत असताना त्याला विचारल्याशिवाय नाव खोडता येणार नाही. म्हणून विचारते. तू सांगितलंस का? हो की नाही, एवढंच कळव. दगडवाल्याला पंधरा मेपर्यंत नावं द्यायची आहेत.

व्हर्नेल


डेट्रॉइट
२४ एप्रिल

व्हर्नेल,

नाही.

एवढंच हवं होतं ना, मिळालं. पण हा प्रश्न तू एकोणसाठ वर्षांपूर्वी आईच्या स्वयंपाकघरात विचारला असतास तर बरं झालं असतं. तेव्हा तू विचारलं नव्हतंस, सांगितलं होतंस, तेसुद्धा सगळ्यांना, हातवारे करून. मी दाराबाहेर उभा होतो.

दगडावर माझं नाव नको. तिकडच्या दगडावर नको आणि इकडच्याही नको, मुलीला मी तसं सांगून ठेवलंय. चौतीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात दारं बसवली. इथे तळ्यावर पाटी नव्हती, हे खरं. पण आम्ही या गल्लीत घर घेतलं आणि दोन वर्षांत अख्खी गल्ली गोऱ्यांनी रिकामी केली. न भांडता, न बोलता, सामान बांधून गेले. पाटीवाले निदान तोंडावर सांगत होते.

त्या दुपारी मी कुठे होतो ते विचारू नकोस. हर्शेलचं मुलीकडून कळलं होतं. वाईट वाटलं. चांगला माणूस होता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

अ‍ॅल्टन


कार्व्हर्स बेंड
२ मे

अ‍ॅल्टन,

नुसतं 'नाही' म्हणायला काय लागतं? शेरीफच्या तेव्हाच्या माणसांनीही 'आम्ही कुणाला हात लावला नाही' असंच सांगितलं होतं कोर्टात. आणि 'कुठे होतो ते विचारू नकोस' म्हणजे काय? ज्याचं मन साफ असतं तो असं म्हणत नाही. मी आठ पोरांना वाढवलंय, तीन आपली आणि पाच लोकांची. पोरगं 'विचारू नकोस' म्हणालं की मी आधी त्याचे खिसे बघते.

आता ऐक, माझ्याकडे कोण आलं होतं. वॉरन प्रुइट, तुझ्या प्रुइटचा नातू. तलावाची जागा त्यानेच दिली आहे. वेशीवर नाव लागणार ते 'प्रुइट जलतरण केंद्र' असं. आपली नावं गुडघ्याएवढ्या दगडावर, आणि त्यांचं वर कमानीवर. बघ, पाणी कुठे मुरत होतं ते कळलं ना?

तो ओसरीवर बसला. बर्फ घातलेला गोड चहा दिला तो सगळा प्याला. मला दर वाक्याला 'मिसेस बॉइड, मिसेस बॉइड' आणि अहो-जाहो. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला आई दिसत होती. आईने त्यांच्या घरचे कपडे अकरा वर्षं धुतले, पण याच्या आजीने तिला एकदा आडनावाने हाक मारली नाही. 'ए ओडेसा' म्हणायची. आई पन्नाशीची आणि हाक मारणारी तिशीची. एवढं बदललंय, मी नाही म्हणत नाही. पण अहो-जाहो करायला पदरचं काय जातं?

तो म्हणाला, "मिसेस बॉइड, माझे आजोबा त्या काळच्या मानाने भले होते असं मी ऐकलंय. तुम्ही त्यांना ओळखत होता?"

म्हटलं, "हो. मला चर्चचा कागद काढायला त्यांचं सायक्लोस्टाइलचं यंत्र फुकट वापरू द्यायचे. वर पेपरमिंटची गोळी द्यायचे."

त्याचा चेहरा असा उजळला! म्हणे हे उद्घाटनाच्या दिवशी बोलाल का? बघते म्हटलं. खरं तर त्या गोळ्या मला आवडायच्या. तेवढा एकच गोरा माणूस होता गावात, ज्याच्या दुकानात शिरताना मला भीती वाटायची नाही.

पण तो आला कशाला, हे मला अजून कळत नाहीये. जागा त्यांची, भाषण त्यांचं, मग माझ्या तोंडून आजोबांचं कौतुक कशाला हवंय? आमच्या बाजूचं मतदान केंद्र मागच्या वर्षी नऊ मैल लांब नेलं, तेव्हा यातलं कुणी विचारायला आलं नव्हतं की मिसेस बॉइड, तुम्ही जाणार कशा. त्यांची पोरं अजून त्या वेगळ्या शाळेत जातात, जी आपली पोरं वर्गात येऊन बसली त्याच वर्षी काढली. तलावावर मात्र सगळ्यांनी एकत्र डुंबायचं. मला पोहताही येत नाही, अ‍ॅल्टन. शिकवणार कोण होतं?

असो. सरकारने त्या काळी आपल्यावर पाळत ठेवायला जे खातं काढलं होतं, त्याचे कागद आता कुणालाही बघता येतात. मी कधी बघितले नाहीत. मला माहीतच होतं, मग बघायचं कशाला? पण आता केंड्राला आणायला सांगितलेत. तुझं नाव त्यात खबऱ्या म्हणून सापडलं की प्रत तुला पाठवते. म्हणजे 'नाही' लिहायचा त्रास तरी वाचेल.

व्हर्नेल


कार्व्हर्स बेंड
१९ मे

अ‍ॅल्टन,

दोन ओळीच लिहिते. केंड्रा कागद घेऊन आली होती. बघितले. त्यात काही विशेष नाही. धुरकट छापलंय, माझ्या चष्म्याला नीट वाचता येत नाही.

दगडवाल्याची तारीख पुढे ढकलली आहे, एक जूनपर्यंत. मीच ढकलायला लावली. गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. गुडघ्याचा आणि दगडाचा काय संबंध ते कुणी विचारलं नाही. या वयात एवढी सोय असते.

इथे ऊन वाढलंय. तुमच्याकडे असेल अजून थंडी. तुझ्या छातीचं कसं आहे? मुलगी म्हणाली होती, खोकला आहे म्हणून.

एक विचारते, सहज. बुधवारच्या प्रार्थनेचा कागद निघायचा तो आठवतो का तुला? त्यावर नावं कुठल्या क्रमाने असायची? आई सांगायची ना, थोरला आधी असं? की मलाच असं वाटतंय? आठवत नसेल तर राहू दे. महत्त्वाचं नाही.

व्हर्नेल


कार्व्हर्स बेंड
२९ मे

दादा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. कागद स्पष्ट छापलेले आहेत. मी ते इतक्यांदा वाचलेत की पाठ झालेत.

पहिल्या पानावर खात्याच्या माणसाचा अहवाल आहे. 'खबर दुकानदार प्रुइट यांच्याकडून.' हे वाचल्यावर मी केंड्राला काय म्हटलं असेल? "बघ! प्रुइट म्हणजे माझा भाऊच. तो सांगणार प्रुइटला आणि प्रुइट सांगणार त्यांना." मी टाळी वाजवली, दादा. शहात्तर वर्षांची बाई, टाळी वाजवली मी.

 केंड्राने दुसरं पान पुढे सरकवलं. त्यावर खाली लिहिलंय, 'दुकानाच्या कचेरीतल्या कचऱ्याच्या टोपलीत मिळालेला सायक्लोस्टाइलचा मेणकागद, सोबत जोडला आहे.' आणि त्याचा फोटो.

तो माझा मेणकागद आहे.

तुला माहीत नसेल, तू त्या मंगळवारी माल पोचवायला बाहेरगावी होतास. आईने हट्ट धरला होता. म्हणाली, आजाऱ्यांची नावं आपण प्रार्थनेला घालतो, प्रवासाला निघालेल्यांची घालतो, आणि ही लेकरं मार खायला निघालीत त्यांची घालायची नाहीत? देवाला नाव घेऊन सांगायचं नाही तर कसं सांगायचं? पास्टर नको म्हणत होते. आईपुढे कुणाचं चाललंय? शेवटी असं ठरलं की बुधवारी कागद वाटायचे, सगळ्यांनी मोठ्याने नावं वाचायची, आणि निघताना एकूण एक कागद परत घ्यायचा. तसंच केलं. तीस कागद वाटले, तीस परत आले. आईने दोनदा मोजले आणि चुलीत घातले. तिच्या चेहऱ्यावर काय समाधान होतं! आपल्या माणसांपैकी कुणी दगा द्यायला नको म्हणून तिने एवढी काळजी घेतली.

आणि ज्याच्यावरून ते तीस छापले, तो मेणकागद मी मंगळवारी संध्याकाळी प्रुइटच्या टोपलीत टाकून आले होते. आईने बजावलं होतं, तो घरी आण म्हणून. पण हर्शेल बाहेर झाडाखाली थांबला होता, खिडकीतून दिसत होता. मी हात पुसले, पेपरमिंट तोंडात टाकली, मेणकागद चुरगळला, टाकला आणि पळाले.

एवढ्यावर संपत नाही. 'शनिवारी दोन वाजता पाण्यापाशी जाणाऱ्या आपल्या नऊ लेकरांना सांभाळ' असं आईने सांगितलेलं वर आहे. दिवस, वेळ, जागा, सगळं टंकून दिलं मी. त्याखाली नावं. आईने थोरल्यापासून सांगितली होती, म्हणजे पहिलं तुझं. मी टंकताना हर्शेलचं पहिलं घातलं. उगाच. सतरा वर्षांची होते, मला त्याचं नाव सगळ्यांच्या वर बघायचं होतं.

अहवालात लिहिलंय, 'पहिलं नाव म्होरक्याचं असावं.'

दादा, तो म्होरक्या नव्हता. त्याला माझ्यासाठी यायचं होतं म्हणून तो आला होता. त्यांनी त्याला आधी वेगळं काढलं आणि बाकीच्यांपेक्षा जास्त मारलं, ते त्या कागदामुळे. आणि त्याच पहिल्या नावावरून मी तुला गुन्हेगार ठरवलं. म्हटलं, हर्शेलचं नाव आधी घेईल असा माणूस कोण आहे? अ‍ॅल्टनशिवाय कुणी नाही. आई नको नको म्हणत होती. मीच तिला पटवलं.

पंचावन्न वर्षं त्या माणसाच्या काचेच्या डोळ्याची काळजी घेतली मी. रोज सकाळी धुऊन द्यायची. तुझा विषय निघाला की तो म्हणायचा, "व्हर्नी, पुरावा काय आहे?" मी चिडायचे. म्हणायचे, तुझ्याच चेहऱ्यावर आहे पुरावा. 

वॉरन प्रुइट का आला होता तेही कळलं. केंड्राने त्याला कागद आधीच दाखवले होते. आजोबा भले होते हे माझ्या तोंडून वदवून घ्यायचं होतं त्याला. काय सांगू, ते भले होतेही. हसऱ्या तोंडाने गोळी द्यायचे आणि पाठ फिरली की टोपली उपसायचे. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि तुझ्यावर नाही. रक्ताच्या भावावर नाही. मला लहानपणापासून सगळ्यांनी शिकवलं, गोऱ्यावर भरवसा टाकू नकोस, आणि मला संशय घ्यायला सापडला तो तूच.

येत्या अकराला रविवार आहे. मी चर्चमध्ये उभी राहून हे सगळं सांगणार आहे. तुझ्याबद्दल पुढे तिथेही सांगितलं होतं, तर हेही तिथेच. दगडावर तुझं नाव घाला, असं कळवलंय. माफ कर म्हणायला मला तोंड नाही. तरी म्हणते, माफ कर.

व्हर्नी


डेट्रॉइट
५ जून

व्हर्नी,

मुलीने पत्र वाचून दाखवलं. माझी नजर आता राहिली नाही. मधेच तिला बाहेर जायला सांगितलं. मग पुन्हा बोलावलं. हेही तीच लिहितेय, मी सांगतोय. म्हणजे आता तिलाही कळणार, कळू दे.

तू सतरा वर्षांची होतीस. पोलिसांनी जे केलं त्याला तू आणि आई जबाबदार नाही. दंडुका त्यांच्या हातात होता. हे आधी डोक्यात घे.

पण माझं नाव दगडावर घालू नकोस. त्याचं कारण आता सांगतो. मी मामाची गाडी घेऊन निघालो होतो. बर्फाच्या कारखान्यामागे मला पोलिसांचे ट्रक दिसले. तीन होते. तेव्हा दीड वाजून दहा मिनिटं झाली होती, घड्याळ बघितलं मी. तुम्ही ओढ्यापाशी असाल हे मला माहीत होतं. हॉर्न वाजवत त्या बाजूला जाता आलं असतं. मी गाडी मागे घेतली आणि मामाच्या घरी नेऊन लावली आणि गोठ्यात जाऊन बसलो.  एकोणीस वर्षांचा होतो, हे मी स्वतःला रोज सांगतो.

त्या संध्याकाळी आईच्या दारात मी हेच सांगायला आलो होतो. आतून तुझा आवाज ऐकला, "त्यानेच सांगितलं." मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. म्हटलं, खोट्या आरोपाखाली जाऊ दे, खरं तर कुणाला कळणार नाही. मी तुझ्या रागाच्या आड लपलो, व्हर्नी. म्हणून कधी लिहिलं नाही.

अ‍ॅल्टन


कार्व्हर्स बेंड
१३ जून

दादा,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. वाचलं आणि मला राग आला. खोटं कशाला बोलू? खूप राग आला. ओढ्यापाशी आम्ही दहा मिनिटं थांबलो होतो, हर्शेलच्या बुटात खडा गेला होता म्हणून. हॉर्न वाजवला असतास तर ऐकू आला असता. परसात जाऊन टोमॅटोच्या वाफ्यातलं सगळं तण उपटून काढलं, एक चांगलं रोपही उपटलं. मग आत येऊन पुन्हा वाचलं. एकोणीस वर्षांचा पोरगा एकटा गोठ्यात बसलाय. तिथे मी असते आणि गाडी माझ्या हातात असती, तर मी काय केलं असतं? मला माहीत नाही. पहिल्यांदाच असं होतंय की मला माहीत नाही.

रविवारी चर्चमध्ये बोलले. तुझं ट्रकचं नाही सांगितलं, ते तुझं आहे, तू ठरव. माझं सगळं सांगितलं, मेणकागदापासून पेपरमिंटपर्यंत. हर्शेलची धाकटी बहीण उठून निघून गेली. जाऊ दे. तिचा हक्क आहे. बाकीचे बसून राहिले. पास्टर म्हणाले, आमेन. कुणी साथ दिली नाही. मग मागच्या बाकावरून म्हातारा ऑटिस वीम्स म्हणाला, "ओडेसाची चूल साक्षीला होती, बाई. आम्ही सगळ्यांनीच ते कागद जाळले. मेणकागदाचं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं होतं?" तेव्हा कुठे मला रडू आलं.

काल नगराध्यक्ष घरी आले. केंड्रा सोबत होती. गोडीगुलाबीने बोलत होते. "आजी, शनिवारी तुम्ही बोला, पण प्रुइट आजोबांचा विषय नको. दिवस आनंदाचा आहे. जागा त्यांची आहे. पुढे दवाखान्यालाही ते जागा देणार आहेत."

म्हटलं, "म्हणजे चौसष्ट साली त्यांच्यापुढे तोंड उघडायचं नव्हतं आणि आताही नाही. तेव्हा शेरीफ दटावायचा. आता तू समजावतोस. तू आमचाच आहेस एवढा फरक आहे."

त्यांना लागलं. मला दिसलं ते. तो मुलगा वाईट नाही. म्हणाला, "आजी, मी सहा वर्षं मरमर करून पोरांना एक तलाव आणला." हेही खरंच आहे. मी म्हटलं, तलाव चांगला आहे. पोरांना पोहायला शिकवा, आधी ते करा. मी आडवी येत नाही.

पण मी गादीच्या खुर्चीवर बसून हसणार नाही. त्यांना फोटो हवाय, वॉरन प्रुइट आणि मिसेस बॉइड हातात हात घालून. तो फोटो निघाला की सगळं मिटलं असं होतं. मिटलेलं नाही. अर्धं झालंय, अर्धं राहिलंय. आणि राहिलेल्यापैकी जे माझ्या हातात आहे ते तिकडे तुझ्या गल्लीत आहे.

तर ऐक. दगडावर नऊ नावं कोरून झाली आहेत. थोरल्यापासून, आईच्या क्रमाने, म्हणजे पहिलं तुझं आहे. तू नको म्हणालास, मी ऐकलं नाही. जन्मात कधी ऐकलं नाही तुझं. केंड्राने विचारलं, जो आलाच नाही त्याचं पहिलं कसं? म्हटलं, आईने त्यालाही पाठवला होता. तेवढं पुरे.

गुरुवारी सकाळी मी बसमध्ये बसते. शुक्रवारी संध्याकाळी डेट्रॉइट. शनिवारी उद्घाटनाच्या वेळी मी तुझ्यासमोर असेन. केंड्रा म्हणाली, "आजी, लोक विचारतील, खुर्ची रिकामी का? काय सांगू?" म्हटलं, सांग, भावाला भेटायला गेलीय.

हॉर्नचं मी विचारणार आहे. समोर बसून, तुझ्या तोंडाकडे बघून. तू मला मेणकागदाचं विचार. आपण दोघं ओरडू हवं तर. तुझ्या मुलीला सांग, घाबरू नको म्हणावं. मला न्यायला स्टँडवर कुणी येऊ नका, मी येईन. दार आतून लावून बसलास तर पायरीवर बसून राहीन. गुडघा दुखतो, त्यामुळे बसले की मी लवकर उठत नाही.

तुझी,
व्हर्नी